अर्धवट कामं उरकणारं यंत्र

जुना मित्र गणपत लवटे पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा कुठे जालिंदरला कळलं, की चाचणीसाठी मिळालेल्या नव्या संगणक-प्रणालीने काल काय दिवे लावलेत. मालकाची रखडलेली कामं ती परस्पर, त्याच्याच आवाजात उरकायची. वीजबिलाची तक्रार तिने केली, गॅसचा नंबर लावला आणि मग गणपतला फोन करून जालिंदरच्या वतीने माफी मागितली.

“माफी? मी?” जालिंदरचं डोकं सणकलं. “ऐन वरातीत आपला बँड सोडून डीजेवाल्याच्या गाडीवर चढला कोण? नवरदेव घोड्यावर ताटकळला आणि मी येड्यासारखा एकटाच ढोल बडवत राहिलो. इतकी वर्षं तुझं थोबाड बघितलं नाही, त्याची या डबड्याने पार माती केली.”

त्याने संगणकाची वायरच उपटली.

गणपत निवांत आत येऊन बसला. “आवाज मात्र डिट्टो तुझा होता.”

“तो मी नव्हतो, कळतंय का?”

“कळतंय की. ‘माझं चुकलं’ म्हणाला, तेव्हाच ओळखलं. तू जन्मात म्हणणार नाहीस.”

“मग कशाला आलास तंगड्या तोडत?”

गणपतने पुडा सोडला. जालिंदरने रागारागातच एक पेढा तोंडात कोंबला आणि गुरगुरला, “माफी तू मागायची आहेस.”

“तेवढ्यासाठीच आलोय. फोनवर काय, माझ्या घरच्या असल्याच यंत्रानेही मागितली असती,” गणपत खाली बघत म्हणाला, “म्हणून चालत आलो.”