सर्व काही पुरेसं

“पाहुणा आला की फाटकी चादर खाली अन् धड चादर वर घालावी गं,” आईचा हा आवाज मुख्याध्यापिकाबाईंच्या कानात अजून ताजा होता. शाळेत आणि शेजारच्या दवाखान्यात मिळून धड खुर्ची एक, पंखा एक, औषधपेटी एक. पाहणीचे साहेब आले की हे सामान आधी शाळेत मिरवे, आणि साहेब पुढच्या दाराने निघाले की नर्सताई ते मागच्या दाराने पळवून दवाखान्यात मांडत. शहर वाढलं, वर्गात पोरं मावेनात, दवाखान्याची रांग रस्त्यावर आली. तरी दोन्हीकडे दरसाल शेरा एकच, ‘सर्व काही पुरेसं, निधीची गरज नाही.’

यंदा साहेब खुर्चीत असे विसावले की उठायचं नाव घेईनात.

“छान सोय आहे हो बाई तुमच्याकडे,” म्हणत त्यांनी शेरा लिहायला पेन उघडलं. मागच्या दारात औषधपेटी पोटाशी धरून नर्सताई कधीच्या खुणा करत होत्या.

बाईंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“साहेब, लिहिण्याआधी जरा उठता का? दवाखान्यात तुम्हाला बसायला हीच खुर्ची न्यायचीय.”