दुमडलेलं टोक

आजही टोकं दुमडलेली होती.

रात्री दिवाणावर रचून ठेवलेली मेतकुटाची खोकी जागच्या जागी होती. टेपही जागच्या जागी होती. फक्त प्रत्येक टेपचं शेवटचं टोक इवलंसं आत दुमडलेलं होतं. श्रीपादरावांनी काल झोपण्यापूर्वी ती सगळी अंगठ्याने घासून सपाट केली होती. मागे त्यांची मुलगी जयू येऊन उभी राहिली. दोघांनी टोकांकडे पाहिलं. एकमेकांकडे पाहिलं नाही.

"चहा टाकते," जयू म्हणाली.

टोक दुमडायची सवय अनसूयाबाईंची, म्हणजे जयूच्या आईची. उज्जैनहून नोकरीसाठी बाहेर पडलेल्या मराठी मुलांना मेतकूट, गोडा मसाला पाठवायचा धंदा त्यांनीच सुरू केला. "पोरं एकटी राहतात, खोकं उघडायला नखाने खरवडत बसतील," म्हणायच्या. दिवाळीनंतर त्या गेल्या. सवय गेली नाही. आता मेतकूट जयू भाजायची आणि खोकी श्रीपादराव भरायचे.

कुरियरवाल्याला अध्यात्मात रस नव्हता. दुमडलेलं टोक पोत्यात कशाला तरी अडकायचं, टेप निघायची, मेतकूट सांडायचं. "अब एक भी डिब्बा खुला ना, तो मैं आपका माल नहीं उठाऊंगा," त्याने बजावलं होतं. माल उठला नाही तर धंदा बंद. आणि अनसूयाबाईंचं म्हणून घरात तेवढंच काय ते चालू होतं.

श्रीपादराव टॉवर चौकात गेले. दुकानदाराने ग्लू गन दाखवली. मागून कांडी घालायची, पुढून गरम गोंद येतो, पुठ्ठा फाटेल पण जोड सुटणार नाही. टेपच नाही, तर टोक कुठलं.

"बाऊजी, एक बार चिपक गया तो भूत भी नहीं खोल सकता."

"वही दे दो," श्रीपादराव म्हणाले. जन्मभर बँकेत काढलेला माणूस, पण ही गॅरंटी त्यांनी लेखी मागितली नाही.

संध्याकाळी दोघांनी मिळून नवी खोकी चिकटवली. सकाळी ती तशीच होती. घट्ट, गुळगुळीत, मुकी.

"आता तरी नीट झोपत जा, बाबा," चहा देताना जयू म्हणाली. "रात्री उठून तुम्ही टोकं दुमडत होतात ना. आईची आठवण येत असेल म्हणून मी काही बोलले नाही."

श्रीपादरावांचा कप हातातच राहिला.

"मी? अगं, मला वाटलं तू दुमडतेस. ही गन मी तुझ्यासाठी आणली."

मग जयूने ड्रॉवर उघडला. टेपचं रीळ काल तिनेच आत टाकलं होतं. त्याचं टोक दुमडलेलं होतं. त्यावर परत दुमडलेलं, परत परत दुमडलेलं. हाताला काम नसलेला माणूस बसल्या बसल्या करतो तसं.

श्रीपादरावांनी कप खाली ठेवला, ग्लू गन उचलून परत तिच्या डब्यात घातली आणि सुरीने पहिलं खोकं कापलं.

"दुसरी खोकी काढ. टेप लावू."

"आणि कुरियर?"

"दुसरा बघू."

जयूने नव्या खोक्यावर टेप ओढली, कापली, आणि नकळत तिची बोटं टोकाशी गेली.

"टोक राहू दे," श्रीपादराव म्हणाले. "तिला काहीतरी काम ठेव."