फोमशिवाय

"वहिनी, जरा चालून बघा," म्हणत दुकानदाराने लॅमिनेट फ्लोअरिंगच्या दोन पट्ट्या अंथरल्या. एकीखाली फोम होता, दुसरीखाली काहीच नव्हतं.

वृंदा चपला काढून चालली. फोमवर पाऊल मुकं पडलं. दुसऱ्या पट्टीवर टक.

टक.

"स्वयंपाकघरात फोम हवाच. नाहीतर मांजर फिरलं तरी कळेल."

"मग नकोच फोम," तिचा नवरा हसला. "आमच्याकडे रात्री मांजर फिरतंच. काय गं?"

वृंदाही हसली, हसावं लागलं म्हणून. तो झोपला की स्वयंपाकघरात जाऊन ती भावाशी फोनवर कुजबुजायची. सगळं ठरलं होतं. शनिवारी पहाटे भाऊ कोपऱ्यावर रिक्षा घेऊन थांबणार होता आणि ती स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने कायमची निघणार होती. दोघांशिवाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"रंग कोणता देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"ते हिला विचारा. स्वयंपाकघर हिचं."

वृंदाने न बघताच एका नमुन्यावर बोट ठेवलं.

"सोमवारी माणसं पाठवतो."

"छे, शुक्रवारीच बसवून द्या," नवरा म्हणाला. "शनिवारी पहाटे हिचा भाऊ यायचाय."