फाटकाची साखळी

सकाळचे अकरा वाजले आणि लिओनीने ध्वनिमुद्रण थांबवलं. तासाभरात टिली एकही शब्द बोलली नव्हती.

टिली चार वर्षांची. तिच्या दुर्मीळ आजारात मेंदू हळूहळू विझत जातो. बोलणं आधी जातं. नव्या औषधाच्या चाचणीत, अजून आपणहून बोलणारीच मुलं घ्यायची होती. ते तपासायला लिओनी ब्रिस्बेनहून गुरांच्या या रानात आली होती.

"तासभर पोरीला प्लास्टिकचं बदक दाखवलंस," टिलीचे आजोबा रॉस म्हणाले. "मला दाखवलं असतंस तर मीही गप्पच बसलो असतो. रोज कुत्र्याला शिव्या घालते ती. माझ्याच शिव्या."

"माझ्यासमोर एखादी शिवी घातली असती, रॉस, तर तीही लिहून घेतली असती."

टिलीची आई मेरिन कप विसळत होती. रात्रभर टिली झोपली नव्हती, म्हणजे मेरिनही नाही. परीक्षकाने स्वतः ऐकलेलाच शब्द धरायचा, घरच्यांनी वदवून घ्यायचं नाही की सांगायचं नाही, हा नियम तिनेच पालकांच्या वतीने चाचणीच्या समितीत लावून धरला होता. मागच्या चाचणीत आईबापांनी शब्द वाढवून सांगितले. निकाल कुणी मानला नाही, औषध पडून राहिलं. तिचा थोरला मुलगा अँगस त्याच काळात याच आजाराने गेला.

"मी आले तेव्हा अंगणात काहीतरी बोलली बहुतेक," लिओनी हळूच म्हणाली. "मला नीटसं आठवत नाही."

"मला आठवतंय," मेरिन म्हणाली. "गप्प होती."

लिओनीने बदक पिशवीत टाकलं. "चहा छान होता," म्हणाली आणि निघाली.

घरची तिघं ओसरीवर आली. लिओनीने फाटकाशी गाडी थांबवली, उतरून साखळी काढली, गाडी बाहेर नेली आणि तशीच पुढे निघाली. फाटक सताड उघडं. पलीकडच्या कुरणातल्या दोन गायींनी माना वळवल्या.

"शहरातली माणसं!" रॉस पुटपुटले.

"फाटक!" टिली ओरडली.

खणखणीत. या भागातली पोरं फाटक उघडं टाकणाऱ्या पाहुण्यांवर ओरडतात, तसं.

गाडीचे मागचे लाल दिवे लागले. लिओनी उतरून परत आली, फाटक ओढून घेतलं. तिने ऐकलं होतं, की तिचं तिलाच आठवलं होतं, हे एवढ्या लांबून कळत नव्हतं. गाडीचं इंजिन चालूच होतं.

रॉस हाक मारायला पुढे झाले. मेरिनने त्यांचं मनगट धरलं.

"अगं, म्हणाली ना ती! सांग तिला!"

"बाबा, आपण नाही बोलायचं."

"मेरिन!"

"नाही."

रॉस ओसरीच्या पायरीवर बसले. त्यांचं मनगट तिने सोडलं नव्हतं. टिली आता कुत्र्याचा कान ओढत होती.

फाटकाशी लिओनी साखळी हातात धरून उभी होती. घराकडे पाहत होती. साखळी तिने अजून अडकवलेली नव्हती.