उपवासाची खिचडी

खडकीतल्या एका शाळेची मुलं आसपासच्या वसाहतीसाठी रेडिओ चालवायची. "कोणी ऐकतं का तुमचं? एक तरी फोन येऊ दे, नाहीतर सोमवारी खोलीला कुलूप," मुख्याध्यापिका बाईंनी दहावीतल्या कल्याणीला बजावलं. तिने आठवडाभर माइकवरून फोनसाठी विनवण्या केल्या. कोणी हूं की चूं केलं नाही. शेवटी नवरात्राच्या पहिल्या दिवशी तिने शांतपणे पाककृती वाचली, "उपवासाच्या खिचडीत कांदा बारीक चिरून घाला."

लगेच फोन खणखणू लागले.

"कोणी शिकवलं हो तुम्हाला?"

"अहो, आमच्या सूनबाईंनी घातलासुद्धा!"

फोन घेता घेता बाई घामाघूम झाल्या. "रेडिओ चालू राहील," त्या म्हणाल्या, "पण उद्या माफी माग."

 

"माफी परवा मागते, बाई. उद्याच्या खिचडीत लसूण आहे."