दारातली भारंगी

वनस्पतिशास्त्र शिकून बागकामं घेणाऱ्या गार्गीने काकूंच्या परसातल्या अनोळखी झुडपाची पानं न्याहाळली. एका पेऱ्यावर तीन-तीन, फुलं निळसर.

“भारंगी आहे, काकू. औषधी.”

“अगंबाई! मग दाराशी हलव. रविवारी मुलीकडचे घर बघायला येताहेत.”

काकूंनी गार्गीला ओळखलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या घरचे पोहे खाऊन, तिची नखं बघून याच म्हणाल्या होत्या, “माती चिवडणारी सून आम्हाला शोभायची नाही.”

बहरलेलं झुडूप ऐन उन्हाळ्यात हलवलं की दोन दिवसांत मान टाकतं, हे गार्गी प्रत्येकाला आधी बजावायची.

“जगेल ना गं?”

“न जगायला काय झालं!” तिने कुदळ उचलली.

झुडपाशी तिचं वैर नव्हतं. मुळाचा तुकडा तिने घरी रुजवायला ओल्या फडक्यात गुंडाळून घेतला. निघताना नखांतली माती न काढताच म्हणाली, “रविवारी शोभेल हो, काकू.”