आईला सोडायला

"एकदा आईला वर सोडलं, की माझ्या जिवाचा घोर संपला," पुढच्या बाकावरचा माणूस हलक्या आवाजात बायकोला म्हणाला.

सुमनबाईंचे कान टवकारले. दिंडोरी मागे पडली होती. सापुताऱ्याची एसटी खडखडत चालली होती आणि शेजारी खंडेराव तोंड उघडं टाकून झोपले होते.

"राहतील ना हो आत्याबाई तिथं?" बायकोने विचारलं.

"आधी जड जाईल. मग रुळंल."

"आन् गावात कुणी इचारलं तर?"

"तीर्थाला गेली म्हणायचं. खरं सांगितलं तर लोक तोंडात शेण घालतील. म्हणून तर एवढ्या लांब आणली."

पलीकडच्या खिडकीशी त्याची आई बसली होती. साठी ओलांडलेली, कुंकवाविना मोकळ्या कपाळाची, मांडीवर गाठोडं घट्ट धरलेली. बाहेर डोंगर दिसायला लागले तरी तिची नजर गाठोड्यावरच होती.

सुमनबाईंच्या अंगाची लाहीलाही झाली. मखमलाबादच्या मळ्यातली फुलं घेऊन त्या रोज सकाळी गंगेच्या घाटावर विकायला बसायच्या. गेल्या वर्षी सिंहस्थात त्यांच्या शेजारीच एक म्हातारी बसून होती. 'आलोच' म्हणून गेलेला मुलगा परत आलाच नाही. सुमनबाईंनी दिलेली भाकरीसुद्धा तिने खाल्ली नव्हती, पोरगा आला की दोघं खाऊ म्हणून हातातच धरून ठेवली होती. पुढे पोलीस तिला घेऊन गेले. त्या मुलाचं तोंड काही सुमनबाईंना बघायला मिळालं नव्हतं. आज तसलाच एक हातभर अंतरावर बसला होता.

वणीला गाडी थांबली. माणसं चहाला उतरली. सुमनबाई उठून म्हातारीशेजारी जाऊन बसल्या.

"कुठं निघालात मावशी?"

"पोरं नेतील तिकडं," म्हातारी खाली बघत म्हणाली.

"तुमची मर्जी हाय का जायची?"

म्हातारीने गाठोडं पोटाशी ओढलं. मग पदराने तोंड पुसत पुटपुटली, "या वयात आपल्या मर्जीला कोण इचारतं बाई? लेकानं ठरवलं. वाल्मीकचा शब्द मला मोडवत नाय."

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. सुमनबाईंकडे तिने चोरट्या नजरेने पाहिलं आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, कुणाशी काय बोलू नका बरं."

सुमनबाई तरातरा जागेवर आल्या आणि खंडेरावांना हलवून सगळं सांगितलं.

"अगं, आपण फिरायला आलोय का कोर्टात?" खंडेराव डोळे चोळत म्हणाले. "इतक्या वर्षांनी बोटीत बसायचं ठरवलंय, तर तू दुसऱ्याच्या घरात डोकं घालू नको."

"बोटीत तुम्ही बसा एकटे," सुमनबाई म्हणाल्या.

हतगडचा घाट चढून गाडी सापुताऱ्याला पोचली. रविवार होता. तळ्याकाठी फोटोवाले, कणीसवाले, टोप्या घातलेली सुरती कुटुंबं, नुसती झुंबड. वाल्मीकने आईला स्टँडसमोरच्या एका बाकावर बसवलं. सुनेने तिचा पदर नीट केला, गाठोडं शेजारी ठेवलं.

"इथनं हालू नको आई," वाल्मीक म्हणाला आणि नवराबायको पाठ फिरवून स्टँडकडे निघाले.

अगदी तस्संच. सुमनबाईंना पुढचं काही दिसेना. त्या धावतच त्यांच्या मागे गेल्या आणि फलाटावर वाल्मीकची गचांडी धरली.

"परतीची गाडी बघतोस होय रे? आईला टाकून?"

"मावशी, तसं नाय—"

"मग कसं? एसटीत बसून सगळं ऐकलंय मी. लोकांना तीर्थाला गेली म्हणून सांगणार होतास ना?"

वाल्मीकचा चेहरा पांढराफटक पडला. सून रडायलाच लागली. भोवती माणसं जमली. "पोलिसांना बोलवा," एक जण म्हणाला. "असल्यांना उलटं टांगलं पाहिजे," दुसरा म्हणाला.

"सांग ना सगळ्यांसमोर, कशाला आणलंस तिला?"

वाल्मीक भोवतीच्या माणसांचे चेहरे न्याहाळू लागला. सुमनबाईंनी त्याच्या फाडकन थोबाडीत मारली. एवढा बाप्या माणूस, पण त्याने हातसुद्धा वर केला नाही.

"अजून मारा मावशी," तो हळूच म्हणाला, "पण आरडू नका. आमच्या विंचूरकडलं कुणी असलं तर आईला तोंड दाखवायला जागा उरायची नाय."

"आईला? तोंड लपवायची पाळी तुझी आहे, मेल्या!"

आहव्याकडून आलेली गुजरातची गाडी तेवढ्यात फलाटाला लागली. तिच्यातून एक म्हातारा उतरला. पांढरं स्वच्छ धोतर, कोरी टोपी, दाढी गुळगुळीत केलेली. गर्दी बघून तो बिचकला. वाल्मीक मात्र सुमनबाईंच्या हातून सुटून पुढे झाला आणि वाकून त्याच्या पाया पडला.

वृद्धाश्रमवाला! सुमनबाईंना क्षणात उमगलं. सौदा आधीच ठरलेला होता तर. त्या म्हाताऱ्यावरच धावून गेल्या.

"म्हातारीला न्यायला आलात होय तुम्ही?"

"होय," म्हातारा म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

"आन् तिचं मन नको का इचारायला कुणी?"

गर्दी बाजूला सारत धोंडाबाई, ती बाकावरची म्हातारी, पुढे आली. लेकाच्या लाल झालेल्या गालावरून तिने हात फिरवला. डोळे पाण्याने भरलेले, पण आवाज पहिल्यांदाच मोकळा होता.

"माझ्या लेकाला कशाला मारलंस गं बाई?" ती म्हणाली. "मला सासरी नांदायला सोडायला आलाय तो."